ढालीवरचं देवक

मस्कत सोडायच्या त्या शेवटच्या आठवड्यात मी पार दमून गेले होते. व्हिसा संपत आला होता, अल हैलचा फ्लॅट रिकामा करायचा होता, कार्गोवाला रोज फोनवर "मॅडम, यल्ला, लवकर" करत होता. आणि माझा डॉक्टर नवरा जेवणाच्या टेबलावर ओल्या कापसाने पुस्तकांतले कागद सोडवत बसला होता, जखमेवरची पट्टी काढावी तसा.

ते कागद म्हणजे बुकप्लेट. पुस्तक कुणाचं ते कळावं म्हणून कव्हरच्या आत डकवायची छापील चिठ्ठी. जुन्या साहेबी घराण्यांच्या चिठ्ठीवर ढाल, सिंह, मुकुट असलं काहीबाही असतं. हे खूळ त्याच्या हॉस्पिटलातल्या एका म्हाताऱ्या इंग्रज सर्जनने लावलं. सर्जन, एक केरळी हाडांचा डॉक्टर आणि हा, असे तिघे शुक्रवारी जमून चिठ्ठ्यांची अदलाबदल करायचे. पण त्यासाठी आधी स्वतःची चिठ्ठी हवी. याची कुठून असणार? सर्जनने विचारलं, घराण्याची काही खूण असेलच ना? याने सांगून टाकलं, आमचं देवक कळंब. झालं. ढाल, ढालीवर कळंबाची फांदी, खाली याचं नाव.

सासूबाई फोनवर कडाडल्या. "अरे, देवक लग्नात पुजायचं असतं, पुस्तकात डकवायचं नसतं. आपण कळंब तोडत नाही, जाळत नाही, त्याला पाय लागू देत नाही." हा हसला, आणि घरातल्या एकूण एक पुस्तकात देवक डकवून मोकळा झाला.

मग भोगा. जुनी डॉक्टरी पुस्तकं फुकटसुद्धा कुणी नेईना. रस्त्यावरच्या कचऱ्यात टाकावीत, तर आत देवक. सासूबाई गेल्या, पण त्यांचा नियम काही गेला नाही. त्यात याचे हात थरथरायचे, त्यापायीच तर नोकरी सोडली होती. एकेका पुस्तकाला अर्धी संध्याकाळ. मला राग यायचा, मग त्या रागाचाही कंटाळा यायचा.

त्याला खरा घोर होता तो अदलाबदलीत जमवलेल्या चिठ्ठ्यांच्या अल्बमांचा. बाकीचे दोघे मायदेशी जाताना आपापले अल्बम यालाच देऊन गेले होते. तिघांचं ते सगळं आमच्या एकुलत्या लेकीने न्यावं, एवढीच त्याची इच्छा. ती आवराआवरीला आली, तेव्हा त्याने अल्बम तिच्यापुढे मांडले.

तिने पानं चाळली. "छान आहे, बाबा. पण स्कॅन करून ठेव ना." मग याच्या चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, "हे लीफ कुठलं?"

"कळंबाचं. आपलं देवक. लग्नात आधी ते बसवतात."

"माझ्या लग्नात होतं?"

"तुझं रजिस्टर झालं. राहून गेलं."

तिला वाईट वाटलं असावं. "मग मला एक दे," ती म्हणाली.

याचा चेहरा कसा खुलला. "घे की. कुठल्या पुस्तकात लावशील?"

पोर खोटं बोलणारी नाही. तिने खरंच विचार केला. "माझ्याकडे पुस्तकंच नाहीयेत, बाबा. सगळं फोनवर असतं."

त्याने एकेक अल्बम मिटला आणि मला म्हणाला, "कार्गोवाल्याला सांग, एक खोकं कमी झालं."

इतके दिवस त्या अल्बमांवरून मीच कटकट करत होते, आणि आता मलाच रडू आवरेना. म्हटलं, "अरे, असू दे. नेऊ आपण."

"कुणासाठी?" तो म्हणाला.