हाडवैद्यांची कबुली

घोडपदेवला आमच्या चाळीखाली बसणारे हाडवैद्य बोलता बोलता समोरच्याचं मनगट चाचपत. आमच्या भागातल्या हेवीवेट बॉक्सरनं हात दुखावल्याचं सांगून लढत सोडली, तेव्हा सर्वांत मोठ्यानं तेच हसले. "हात दुखता म्हणे! घाबारलो रे तो!"

संध्याकाळी बॉक्सर त्यांच्याकडेच आला. पट्टी धरायला मी होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठी बसून हाड मोडलं होतं; कसं मोडलं ते बोलला असता तर अटक झाली असती.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर मंडळी त्याला "भित्रा भागूबाई" म्हणू लागली. हाडवैद्य ओरडले, "गप रवा! त्याचो हात मी बिघडवलंय. माझी मालिश चुकली."

पुढे वर्षभर त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. ते मात्र रोज सकाळी सतरंजी अंथरून बसत. परवा ते गेले. आता सांगायला हरकत नसावी.