चपट्या टॅपेटची वीस मिनिटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, समितीतल्या कुणाला नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काही नाही. कारण लिहायला बसले की त्याचं पत्रक व्हायला लागतं. पत्रकं मला चांगली लिहिता येतात. सगळं त्यातूनच झालं.

आधी एवढं सांगून टाकते. वणीत चंद्रपूर रोडला उकंडाभाऊंचं इंजिनकामाचं गॅरेज होतं. आता नाही. ते मी बंद पाडलं, एका पानाच्या मजकुरानं. त्या पानावरची मुख्य गोष्ट खोटी होती, आणि ती खोटी आहे हे लिहिताना मला माहीत होतं.

आमची समिती म्हणजे सात-आठ माणसं आणि एक जीप. मागणी एकच — कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री पाहिजे. आमच्या वस्तीत दोरीवरचं पांढरं धुणं दुपारपर्यंत करडं होतं. ज्यांचं होत नाही त्यांना ही मागणी छोटी वाटते. जीपच्या टपावर भोंगा होता आणि जीप मी चालवायचे. बाई जीप चालवते, वरून बोलतेही, हे लोक थांबून बघायचे. मला ते आवडायचं. हेही लिहून ठेवते.

एका उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये पाणी नसताना मी जीप तशीच दामटली आणि ब्लॉकला चीर गेली. ब्लॉक म्हणजे इंजिनचं मूळ धूड, ज्यात बाकी सगळं बसतं. उकंडाभाऊंनी भंगारातून त्याच कंपनीचा दुसरा ब्लॉक शोधून आणला, काही वर्षं जुना. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत होते. मी म्हटलं, मग यातलं काढा आणि त्यात टाका. किती वेळ लागतो?

उकंडाभाऊ आर्णीकडच्या तांड्यातले. पन्नाशीचा माणूस. नट सुटला नाही की त्याला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत शिव्या देणार आणि आमच्याशी वऱ्हाडीत बोलणार. त्यांनी मला दोन्ही ब्लॉकच्या मधे बसवलं, फिरवून फिरवून दाखवलं. कॅमशाफ्टवर उंचवटे असतात, त्यांवर टॅपेट बसतात आणि वरखाली होतात. त्यानं व्हॉल्व्ह उघडतात. आमच्या फुटलेल्या ब्लॉकमधल्या टॅपेटला खाली छोटं चाक होतं — रोलर. त्याच ब्लॉकमध्ये टॅपेटच्या भोकांच्या कडा उंच होत्या, वरून सपाट घासलेल्या, आणि मधे रोलर सरळ धरणारी पट्टी आवळायला आटे पाडलेली भोकं. भंगारातल्या जुन्या ब्लॉकमध्ये यातलं काहीच नव्हतं. कडा बुटक्या, पट्टीला जागाच नाही.

"हात लाव ना, नुसती पाहून काय राह्यली?" त्यांनी माझं बोट त्या बुटक्या कडेवर ठेवलं. "रोलर याच्यात टाकला त त्याले धरणारं कोनी नाही. जराकसा आडवा झाला का कॅम खाल्लाच त्यानं. म्हनून याच्यात चपटाच टॅपेट. अन् चपट्याचं उलटं हाय — त्यानं जाग्यावर फिरतच राह्यलं पाह्यजे. नाही फिरला त मेला."

मी म्हटलं, "भाऊ, एवढ्यात माझी दोन पत्रकं निघाली असती."

"तुह्या पत्रकाले पहिले वीस मिनिटं रेसवर ठेवा लागत नाही ना ताई!" ते हसले. मग हसणं थांबवून तेच परत सांगितलं. रोलरचं इंजिन सुरू केलं की निघालं. नवा चपटा कॅम तसा नसतो. पहिल्यांदा सुरू झाला की वीस मिनिटं रेस धरून ठेवायची, सोडायची नाही. कॅमला तेल खालून उडून मिळतं. इंजिन हळू झालं की पुरेसं उडत नाही. त्या वीस मिनिटांत कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसतात. नाही बसले तर नंतर कितीही चांगलं तेल ओता, उपयोग नाही.

मला हे समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

नवा कॅम, नवे टॅपेट टाकून इंजिन सुरू झालं त्या सकाळी मीच सीटवर होते. एक्सलेटरवर माझा पाय. ते वाकून गळती बघत होते. तेवढ्यात माणूस पळत आला — चौकात एक ट्रक आडवा होऊन बंद पडलाय, दोन्हीकडच्या गाड्या अडल्यात. त्यांनी पान्हा उचलला. जाताना माझ्या पायाकडे बोट दाखवलं आणि ओरडून म्हणाले, "हाच्यावरून उठजो नको!" मी मान हलवली.

मग माझा फोन वाजला. एका छोट्या पेपरचा वार्ताहर होता. आमच्या समितीला त्याआधी कुठल्याही पेपरानं फोन केला नव्हता. त्याला ऐकू येईना. मोठ्यानं बोला म्हणाला, नाहीतर नंतर करतो म्हणाला. नंतर — तुम्हाला ठाऊक आहे, नंतर कुणी करत नाही.

मी पाय उचलला.

इंजिन शांत झालं, नुसतं पुटपुटत राहिलं. मी बोलले. जबाबदारीवर बोलले. ट्रकमालक आपली जबाबदारी कशी झटकतात ते त्याला मुद्देसूद सांगितलं. तो कॉल सोळा मिनिटांचा होता. हे मला माहीत आहे, कारण तो मी फोनमधून नंतर काढून टाकला, आणि काढण्याआधी आकडा बघितला. विसातली रेसवर गेली चार. उकंडाभाऊ चौकातून परत येताना दिसले तेव्हा मी पुन्हा पाय दाबला.

"झाले वीस?"

"झाले."

एका शब्दाचं काम होतं. इतकं सोपं होतं की खोटं बोलले असं वाटलंही नाही.

जीप दोन आठवडे चालली. मोर्चाच्या दिवशी भोंगा लावून आम्ही बाजारातून निघालो आणि इंजिनमधून टकटक सुरू झाली. मग ते खोकलं. मग भर चौकात, ट्रकमालकांच्या माणसांसमोर, बंद पडलं. "ताई, जीपलेच ताडपत्री घाला अन् घरी घेऊन जा!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. आमच्यातलेही एक-दोन.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर इंजिन उघडलं. कॅमचे दोन उंचवटे झिजून गोल झालेले. टॅपेटचा सपाट तळ बशीसारखा खोलगट. उकंडाभाऊंनी तो टॅपेट बोटात धरून फिरवून बघितला. माल कच्चा असला तरी कॅम असा जातो आणि वीस मिनिटं झाली नाहीत तरी असाच जातो. बघून सांगता येत नाही. म्हणजे खोटं बसायला तिथं अगदी मापाची जागा होती.

त्यांनी मला विचारलं, सगळ्यांदेखत, पण हळू — "ताई, वीस पुरे झाल्ते ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. आठ माणसं होती, सगळी ओळखीची. रागावली असती, चहा प्यालो असतो, नवा कॅम टाकला असता. मी म्हटलं, "झाले होते. मालच नकली आहे."

आणि ते नुसतं म्हणून थांबले नाही. त्या संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा — 'लोकांच्या जीपमध्ये नकली माल!' खाली त्यांचं नाव, गॅरेजचा पत्ता. मोर्चा कसा पाडला गेला, त्यामागे कुणाचा हात, असे सवाल. शेवटी ठळक अक्षरांत — उत्तर द्या! प्रत्येक वाक्य मी दोनदा घासलं. चांगलं पत्रक होतं. आजवरचं सगळ्यात चांगलं होतं. आठवडी बाजारात मी स्वतः वाटलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. काय देणार होते? त्यांच्याजवळ फक्त एक प्रश्न होता आणि तो ते विचारून बसले होते.

जीपमध्ये आम्ही दुसरीकडून नवा कॅम टाकून घेतला. ट्रकवाले उकंडाभाऊंकडे थांबेनासे झाले. पोरं जाता-येता "ओ नकली!" म्हणून हाक मारायची. पोळ्याच्या आधी शटर पडलं ते पुन्हा उघडलं नाही. मी रोज तिथूनच जायचे. काय वाटायचं? लिहायला हवं म्हणून शोधलं, पण काही सापडलं नाही. शटर दिसायचं. मी पुढं जायचे. आताही बोटं लिहितायत आणि बाकी सगळं गप्प आहे.

गेल्या महिन्यात एका सभेसाठी त्यांच्या तांड्यावर जावं लागलं. ते घरासमोर फवारणीचे पंप दुरुस्त करत बसले होते. पायलीभर वॉशर, चार पान्हे. उठले, बाज झटकून दिली, आतून चहा मागवला. भोंगा चालू हाय का, विचारलं. ट्रकवर ताडपत्र्या आल्या का, विचारलं. काहींवर आल्या, म्हटलं. "मंग बरं झालं ना," म्हणाले आणि पंपाचा दांडा वरखाली करून बघू लागले.

मी कपबशी खाली ठेवली. वाट बघितली. आता विचारतील, तिसऱ्यांदा, आणि या वेळी आजूबाजूला कुणी नाही. मी काय म्हणाले असते ते मला आजही माहीत नाही.

त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं — रागानं नाही, ब्लॉककडे बघायचे तसं — आणि पुढचा पंप ओढला.

मी जीपमध्ये बसले आणि तांड्याच्या दुसऱ्या टोकाला सभेला गेले. सभा चांगली झाली.

वीस नव्हती झाली. चार झाली होती.