पाटणकर काकांच्या गाडीचं वजन

सुरुवातीलाच सांगतो, या सदरात येणाऱ्या अद्भुत अनुभवांच्या पत्रांवर मी आजवर फक्त हसलोय. हसणं माझ्या रक्तातच आहे म्हणा ना. नागपूरला आमच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत बाबांचं छपाईचं यंत्र होतं. भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्यांविरुद्ध बाबा चारपानी पत्रकं छापायचे आणि त्यांच्या घड्या घालायचं काम माझं. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरूनच झाली. एका पत्रकाचा मथळा होता, 'नारळ फोडून चाक फिरत नाही'. तो पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

ही गोष्ट गेल्या वर्षीची, १९८६ च्या मार्चमधली. मी अमेरिकेत, सांता क्लारात शिकत होतो, सोबत पुण्याचा विवेक राहायचा. बस तासाला एक. गाडी घ्यायची तर खिशात जेमतेम दीड हजार डॉलर. एका इंडियन ग्रोसरीच्या बोर्डवर मराठीत लिहिलेली चिठ्ठी दिसली — 'स्वतः बांधलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार विकणे आहे. वजनाला अतिशय हलकी. मराठी माणसाला प्राधान्य. पाटणकर.' किट कार म्हणजे सुटे भाग पेटाऱ्यात येतात आणि गाडी आपण घरी जोडायची. जुन्या जर्मन गाडीची चेसिस आणि इंजिन, वर फायबरग्लासची बॉडी. स्पोर्ट्स कार हा शब्द वाचूनच मी अर्धा विकला गेलो होतो.

फोन केला.

"मी मिलिंद बोलतोय. ती चिठ्ठी वाचली..."

"मिलिंद?" पलीकडचा आवाज एकदम उजळला. "वा, छान नाव. म्हणजे... आपल्यातलेच का?"

मराठी माणूस हा प्रश्न कशासाठी विचारतो ते तुम्हाला माहीत आहे. मी पाटणकर हे आडनाव ऐकलं, 'आपल्यातलेच' ऐकलं, आणि समोर कोण आहे ते ठरवून टाकलं. मग चिठ्ठीतलं 'प्राधान्य' आठवलं. आणि ज्याने कॉलेजात भर सभेत उठून आडनाव ठणकावून सांगितलं होतं, तो मी म्हणालो, "हो हो. जोशी. मिलिंद जोशी."

पलीकडचा आवाज लगेच कोरडा झाला. "बरं. या शनिवारी."

फोन ठेवला तर विवेक दारात उभा. "जोशी? कधीपासून यार?"

"गप रे."

"नाही, स्वागत आहे. आमच्यात जागा आहे भरपूर. फक्त मुंज राहिली तुझी."

मी हसलो. लाज तेव्हा वाटायला हवी होती.

शनिवारी गेलो. काका साठीचे, हडकुळे, विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीवर खिळा होता आणि त्याखाली फिकट चौकोन, कालपरवापर्यंत तिथे तसबीर असावी असा. भिंत रंगवायची असेल, असं मला वाटलं.

गाडी गॅरेजमध्ये होती. लाल, बुटकी, दाराऐवजी नुसता कठडा. काकांनी एक वही हातात दिली. प्रत्येक भागाचं वजन, नीट मराठीत. 'हीटर काढला — वाचले अकरा पौंड.' शेवटच्या पानावर जवळच्या भंगारवाल्याच्या ट्रकच्या काट्यावर केलेली वजनं होती. टाकी भरून, गाडी रिकामी: १३४०. 'मी बसून': १५००. 'दोघं बसून': १६००.

"दोघं म्हणजे काकू?"

"हो. ऑक्टोबरात गेली. दर रविवारी निघायचो समुद्रापर्यंत. आता शेजारी कोणी नाही तर काय चालवू?"

किमतीवर मी घासाघीस केली नाही, त्यांनीच दोनशे कमी केले. मी रोख पैसे दिले, कारण चेकवर खरं नाव छापलेलं होतं. गाडीच्या कागदावर काकांनी सही केली, घेणाऱ्याच्या नावाची जागा मी कोरीच ठेवली. "घरी भरतो," म्हणालो.

मग काका आतून एक नारळ घेऊन आले. "तुमच्यात लागतो ना? ग्रोसरीतून आणून ठेवला मुद्दाम."

'तुमच्यात' हा शब्द मला खटकला. पण थांबून विचार करायला मी मोकळा नव्हतो, मी तेव्हा जोशी होतो. त्यांच्या ड्राइव्हवेच्या कडेवर मी नारळ फोडला. पाणी चाकावर शिंपडलं. आणि भूमिका पुरी करायला, इंजिन सुरू करताना, 'गणपती बाप्पा मोरया' म्हणालो. काका मान खाली घालून करवंटीचे तुकडे गोळा करत होते.

घरी पोचलो, पार्क केली, मागे वळून पाहिलं तर गाडी उजवीकडे कललेली. म्हणजे शेजारच्या सीटच्या बाजूला. ड्राइव्हवे उतरता असेल म्हणून रस्त्यावर नेली. तीच गत. विवेक म्हणाला, "यार, तुझी गाडी फुगून बसलीये. कोणीतरी शेजारी बसलंय आणि तू दारही उघडलं नाहीस, अशी."

"दार नाहीच आहे तिला."

फूटपट्टी आणली. उजवा मडगार्ड डाव्यापेक्षा दीड इंच खाली. काकांच्या गॅरेजमध्ये ती सरळ उभी होती, हे मी शपथेवर सांगतो. मी भोवती फिरून सगळं न्याहाळलं होतं. मेकॅनिकने खालून पाहिलं. स्प्रिंग ठीक, टायर ठीक, हवा सारखी. चालवताना वळणावर मात्र स्पष्ट कळायचं... शेजारी कोणीतरी नीट, स्वस्थ बसलंय. भीती अशी वाटत नव्हती. कोणीतरी बोलत नाहीये, तसं वाटायचं.

बाबांनी शिकवलेलं एकच होतं, आधी मोजा. मी त्याच भंगारवाल्याकडे गेलो. टाकी भरलेली, गाडी काट्यावर, मी खाली उतरून बाजूला. काटा दाखवत होता १४४०.

तिथल्या माणसाने मान लांब करून गाडीत पाहिलं. "आत कोणी नाही ना?" त्याने इंग्रजीत विचारलं, आणि स्वतःच हसला.

पुन्हा केलं. १४४०. तो काटा वीस-वीस पौंडांनी सरकतो, तेव्हा वीसची चूक मी मान्य करतो. शंभर पौंड कुठून आले? काकांनी दिलेली वही उघडली. १६०० उणे १५००. ही वजाबाकी मी काट्याशेजारी, भर उन्हात उभं राहून केली, आणि मग वही मिटली.

तीन आठवडे मी ते वजन घेऊन फिरलो. तिसऱ्या शनिवारी सकाळी काकांच्या दारात उभा राहिलो.

"या मिलिंदराव. गाडी त्रास देते का?"

"काका, माझं आडनाव जोशी नाही. गजभिये. मी नागपूरचा."

काका उभे होते ते सोफ्याच्या हातावर टेकले. मग म्हणाले, "अरे, मी फोनवर विचारलं होतं ना तुला. आपल्यातला का म्हणून."

"मला वाटलं तुम्ही... पाटणकर म्हणजे..."

"पाटण आमचं गाव. शाळेत मास्तरांनी लावलं. बरंच झालं म्हणाला बाप माझा." ते हसल्यासारखं करून थांबले. "मिलिंद नाव ऐकलं आणि मला वाटलं, मिळाला. तिची फार इच्छा होती, गाडी आपल्याच एखाद्या पोराला द्यायची. तेवढ्यात तू जोशी झालास."

ते उठले, आतल्या खोलीतून चादरीत गुंडाळलेली तसबीर आणली. निळा कोट, चष्मा, हातात ग्रंथ. आमच्या घरी छपाईच्या यंत्रावर हीच तसबीर आहे.

"जोशी येणार म्हणून काढली," काका म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ही होती तोवर हात लावू द्यायची नाही. येणाऱ्याला पटत नसेल तर येणाऱ्याने जावं, म्हणायची. तू गेल्यावर परत लावायला हात होईना. लाज वाटली."

मंडळी, ज्या घरात ती तसबीर वर्षानुवर्षं राहिली, तिथून ती माझ्या एका शब्दामुळे उतरली. मी, जो पत्रकांच्या घड्या घालत वाढलो. एक भित्रा माणूस दुसऱ्या भित्र्या माणसाला नारळ आणून देतो, आणि दुसरा तो फोडतो.

"मी लावू का?" मी विचारलं.

"लाव."

खुर्चीवर चढून मी ती खिळ्याला लावली. फिकट चौकोन बरोबर झाकला गेला. मग टेबलावर बसून गाडीच्या कागदात कोऱ्या जागी माझं पूर्ण नाव लिहिलं. काका शेजारी उभे राहून वाचत होते.

निघताना ते बाहेर आले. "ती बसली की मी जय भीम म्हटल्याशिवाय चावी फिरवू द्यायची नाही," ते म्हणाले. "तुझं ते मोरया ऐकून काय वाटलं असेल तिला. चल, जय भीम."

"जय भीम, काका."

वळलो तर गाडी सरळ उभी होती. मी फूटपट्टी काढली. दोन्ही मडगार्ड एका उंचीवर.

"काय मोजतोस रे?"

"काही नाही."

बायको जाऊन सहा महिने न झालेल्या माणसाला काय सांगणार होतो? तिथून टाकी भरून तडक काट्यावर गेलो. १३४०. त्यानंतर पाचसहा वेळा पाहिलं, कधीच बदललं नाही.

बाबांना सगळी वजनं कळवली. त्यांचं उत्तर आलं, अकरा प्रश्नांचं. काटा कोणी तपासला होता? जमीन सपाट होती का? वहीतले आकडे नंतर लिहिलेले असू शकतात का? दहांची उत्तरं मी पाठवली, आणि त्यांतून काहीच निष्पन्न झालं नाही. वर्ष झालं, माझ्याकडे आजही खुलासा नाही, आणि मी तो देवावर किंवा भुतावर सोपवणार नाही. अकरावा प्रश्न होता, 'गाडी ताब्यात घेताना तिथे नेमकं काय काय घडलं, क्रमाने लिही.' ते मी लिहिलं नाही. आठवत नाही, असं कळवलं.

बाबा हे मासिक दर महिन्याला घेतात, या सदराला लेखी विरोध करायला. तेव्हा बाबा, अकराव्याचं उत्तर वर दिलं आहे. क्रमाने.