कंपनी बंद पडल्यावर दादा डोंगरावर जायला लागले

रबाळ्याच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा माझे वडील पन्नाशीला आले होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. घरात बसून त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून सकाळी चहा झाला की ते कंपनीमागच्या डोंगरावर जाऊन बसायचे.

डोंगर सरकारी जंगलाचा, पण जंगल नावालाच. खडक, गवत आणि मागे कधीतरी लावलेली सुबाभूळ. त्या पावसाळ्यात वनखात्याने तिथे इथलीच झाडं लावायला घेतली होती: ऐन, पळस, करंज, बहावा. जवळच्या गावातल्या वनरक्षकाने दादांना हटकलं, "काका, रोज इथं काय करता?"

"बसतो."

"मंग बसन्यापेक्षा खड्डे खना की!"

दादा खरंच कामाला लागले. पाऊस सरल्यावर खालच्या नळावरून कॅन भरभरून रोपांना पाणी नेऊ लागले. आई वैतागायची. "घरात पगार नाही, आणि हे डोंगराला पाणी पाजतायत!" तिचंही खरं होतं. घर तिच्या शिवणकामावर चाललं होतं.

होळीच्या सुमारास कुणीतरी गवत पेटवलं. दादा आणि वनरक्षक ओल्या फांद्यांनी आग झोडपत राहिले, तरी बहुतेक रोपं जळाली. दादा घरी आले ते हात भाजून. जेवले नाहीत. आईने हातांना खोबरेल लावलं आणि म्हणाली, "उद्या मी येते बरोबर. तुमच्याच्यानं कॅन उचलायचा नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही वर गेलो. सगळीकडे काळं. वनरक्षकाने एका ऐनाच्या बुंध्याशी नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. "खाली जीव हाय अजून," तो म्हणाला. आईने तिथे पाणी ओतलं. त्यानंतर मशीनवर बसण्याआधी ती रोज एक फेरी करायची.

सगळी रोपं काही वाचली नाहीत. करंज बरेच गेले. पण वैशाखात पळसाला आणि ऐनाला बुडातून तांबूस कोंब फुटले, तेव्हा आईने शेजारणींना हात धरधरून वर नेलं.

पुढे दादांना वाशीच्या मार्केटात एका गाळ्यावर काम मिळालं. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "आपण काय करता?" दादा म्हणाले, "मार्केटात असतो. रविवारी आम्ही दोघं डोंगरावर झाडं सांभाळतो." आणि पोहे संपायच्या आत पाहुण्यांना डोंगर दाखवायला घेऊन गेले.