मागून धरलेला सदरा

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांची बांधकामं निघाली होती. चाकणकडचं गाव सोडून आम्ही नवराबायको तिथं पाटी वाहायला गेलो. बांबूची उंच परांची, तिच्यावर हातभर रुंद फळी. डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन त्या फळीवरनं गवंड्यापर्यंत जायचं.

एक दिवस माझ्या पुढचा गडी खाली पडला. त्याचा पाय मोडला आणि कापायला लागले माझे. तीच फळी जमिनीवर टाकली असती तर मी नाचत गेलो असतो. मुकादम खालून ओरडायचा, "बघा रं, पडतंय ते! आत्ता पडतंय!" तो म्हणला की माझा तोल गेलाच. शेवटी त्यानं बजावलं, "उद्याबी असाच चाललास तर गावाकडं जा, ढोरं राख." गावाकडं ढोरंबी नव्हती.

बायको म्हणाली, "उद्या मी मागं चालते. तुमचा सदरा धरते. पडाय लागलात तर वढीन मागं."

"तू वढणार? चिमणीएवढी तू."

"व्हय, मीच. चला."

दुसऱ्या दिवशी फळीवर सदऱ्याला मागनं बारीक ओढ लागत होती. नीट जाणवायची मला. पाय कापले नाहीत. वाटलं, आज मी पळतोय नुसता. खाली आल्यावर विचारलं, "कसा चाललो?"

"गोगलगाय बरी."

पण मुकादम ओरडायचा थांबला.

पंधराएक दिवसांनी चुना कालवणारी म्हातारी हसली. "अरं, तिचं दोनी हात पाटीला असत्यात. तुला धरती कशानं? दातानं?"

मी बायकोला खडसावलं. ती म्हणाली, "न्हाई धरलं. मलाच वर भ्या वाटतंय. तुमच्या टाचंकडं बघत येते मी."

त्या दुपारी माझे पाय पुन्हा कापले. अर्धी पाटी सांडली. तेव्हा ती म्हणाली, "बरं, आता खरंच धरते. पर मागं बघायचं न्हाई."

काम संपेस्तोवर चाललो. मागं एकदाही पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं मला.

गेल्या महिन्यात ती गेली. पोरं म्हणाली, तुम्ही खांदा देऊ नका, पडाल. दोन वर्षं मी भिंत धरून चालतोय, त्यांचं खोटं नव्हतं. तरी पुढचा खांदा मीच घेतला. ती मागं होती. नदीपर्यंत पाय कापले नाहीत. सदऱ्याला ओढबिढ काही लागली नाही, खोटं कशाला सांगू.

अग्नी दिल्यावर परतताना मागं वळून पाहू नये, अशी रीत आहे. मी पाहिलं. धूर होता नुसता.

खांदा मोकळा होता, रस्ता डांबरी, सपाट. घर येईपर्यंत पोराचा हात सोडता आला नाही.