पंजाबी काकूंचं कडं

तुपात कणीक भाजल्याचा वास आला की मला मनवेलपाड्यात शेजारी राहायला आलेल्या पंजाबी काकू आठवतात. बाबा गेले त्या वर्षी चाळीत हळदीकुंकवाला आईला कुणी बोलावलं नाही, आणि तीही उघड्या मनगटांनी घरातच बसू लागली. एका रविवारी काकू आम्हा मायलेकींना गुरुद्वारात घेऊन गेल्या. लंगरच्या स्वयंपाकघरात कढईत प्रसादाची कणीक खमंग भाजत होती आणि बायका-पुरुष एकाच ओळीत बसून रोट्या लाटत होते. काकूंनी पोळपाट पुढे सरकवला, तशी आई मागे झाली. "मी लाटलेलं चालेल का? तुम्ही सवाष्ण, तुमची गोष्ट वेगळी." काकूंच्या हातातलं लोखंडी कडं बघून आमचा तसाच समज झाला होता. काकू हसल्या. "ताई, माझे सरदारजी जाऊन आठ वर्षं झाली. हे कडं नवऱ्याचं नाही, गुरूंचं आहे. ते कोण काढणार? लाटा आता, लोक भुकेले बसलेत." आईने पदर खोचला आणि आपल्या घडीच्या पोळ्या लाटल्या. तव्यापाशी बसलेले आजोबा म्हणाले, "अरे, ये तो रुमाल है!" आई खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी मी अंथरुणातच होते, तर स्वयंपाकघरातून पोळपाटासोबत बांगड्या वाजल्या. आता पोळ्या मी लाटते. सोयीसाठी बांगड्या काढून ठेवल्या, की बाहेरच्या खोलीतून म्हातारी आई हाक मारते, "अगं, हात का गप्प आहेत तुझे?"