तिथूनच उचल
परवा गडब गावात एका लग्नघरात वाटलेल्या हळदीचा वास आला आणि नातीच्या गिटारीची ती दुपार आठवली; तेव्हाही मी हळदीच्या घरूनच आले होते. मी धवलारीण, लग्नात धवले म्हणण्यात जन्म गेला. नात रोह्याच्या कंपनीत नोकरी करायची, पण जीव सगळा गिटारीत. तिच्या चौघांच्या बँडचा अल्बम निघायचा होता, त्यातल्या आरडाओरड्याच्या संगीताला ती डेथ मेटल म्हणायची. माझा मुलगा, तिचा बाप, हे गाणंच नाही म्हणत गिटार विकायलाच निघाला होता. मला म्हणाला, "आये, तूच ऐक. गाणं हाय म्हणालीस तर राहू दे." नातीने आधी मोबाइलवर ऐकवलं. एक माणूस घसा खरवडून ओरडत होता, ढोल सैरावैरा पळत होता. मग तिने एकटीने वाजवलं. मला वाटलं, मनाला येईल तसं बडवते. आमच्यात नव्या बाईला अर्ध्या धवल्यात थांबवून तिथूनच पुढे म्हणायला लावतात. पाठ नसलं की ती पहिल्यापासून सुरू करते. मी म्हटलं, "थांब गो. आता तिथूनच उचल." तिने उचललं. चारदा अडवलं, चारदा बोटं बरोबर त्याच तारांवर पडली. "कोणी शिकवलं?" "कोणी नाय, आजी. मीच बांधलंय." मी आणखीच गोंधळले. धवले आम्हाला सासूकडून मिळतात, बांधत कोणीच नाही. मुलगा म्हणाला, "मग, हाय का गाणं?" मी म्हटलं, "ते मला नाय कळत. पण विकू नको." अल्बम निघाला. मी दोनदा ऐकला. तो माणूस एवढा कोणावर चिडलाय, ते मला अजून समजलेलं नाही.